मनसर फाट्यावरचा हॉर्न

महाराजपूर, जबलपूर
१० डिसेंबर २००२

प्रिय बाईस टिकारामचा जयभीम.

कुसुम आणि नंदाकडूनही जयभीम. भाऊजींना आमचा जयभीम जरा जवळ जाऊन मोठ्यानं सांग, नाहीतर ते नुसती मान हलवतील आणि संध्याकाळी तुलाच विचारतील की जबलपूरची काही खबर आहे का.

तुझं पत्र मिळालं. एवढे प्रश्न तर डॉक्टरही विचारत नाही. सारी उत्तरं आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. छातीत दुखत नाही. व्रण थंडीत थोडा ओढल्यासारखा वाटतो, तेवढंच. ज्या पायाची नस काढून हृदयाला जोडली त्या डाव्या पायाला संध्याकाळी सूज येते, पण पाय उंच ठेवून पडलं की उतरते. गोळ्या वेळेवर घेतो. न घेऊन जातो कुठं, कुसुम हातावर गोळी ठेवते आणि गिळेपर्यंत समोरून हलत नाही. बिडी सुटली ती सुटलीच. भाजीला मीठ नुसतं दाखवलेलं असतं.

तू शिवलेली उशी अजून जवळच असते. खोकताना छातीची जोडलेली हाडं हलू नयेत म्हणून छातीशी धरायला एक लहान उशी हवी, असं नागपूरच्या दवाखान्यात सांगितलं, तर तू त्याच संध्याकाळी आपलं हिरवं लुगडं फाडलंस. ते लुगडं चांगलं होतं, बाई. अजून दोन वर्षं सहज गेलं असतं. आता खोकला राहिला नाही, पण उशीची सवय लागली. जिथं जातो तिथं बरोबर नेतो. म्हणजे फिरायला वगैरे.

इकडं थंडी कडक पडली आहे. मटर बाजारात आला आणि कुसुमनं रोजच्या भाजीत तो घालायला सुरुवात केली. नंदाच्या शाळेत सहामाही परीक्षा चालू आहे आणि परीक्षा देणाऱ्या मुलांपेक्षा शिकवणाऱ्या या पोरीलाच जास्त ताप चढला आहे. तुला चार ओळी मराठीत लिही म्हटलं तर म्हणते, "पापा, समजता तो सब है, लिखने को मत बोलो." तेव्हा तिचा नमस्कार माझ्याच अक्षरात स्वीकार.

बाकी खबर अशी की संत्र्याचा बहार यंदा चांगला आहे आणि नागपूरला कळमन्याच्या बाजारात ढीग लागले आहेत, असं लोक म्हणतात. खवासाच्या पुढं रस्त्याला खड्डे फार झाले, माकडंसुद्धा डांबर सोडून कडेनं चालतात असं ट्रकवाले सांगतात. सिवनीच्या ढाब्यावरच्या म्हाताऱ्यानं गल्ला मुलाच्या हवाली केला आणि स्वतः बाजेवर बसून गिऱ्हाइकांना शिव्या देत असतो, तेही कोणाकडून तरी ऐकलं. घरी बसलं की असं सारं कानावर येतं.

शेजारच्या विनताबाईंच्या फोनवर तू दोनदा गुरुवारी फोन केलास आणि कुसुम भेटली नाही, म्हणून रागावू नकोस. गुरुवारी ती बाहेर असते. बायकांचं काही मंडळ आहे. मी फार चौकशी करत नाही.

आणि तू पत्राच्या शेवटी जे लिहिलंस, ते माझ्या लक्षात आहे. जुलैत तुझ्या घरून निघालो त्या सकाळी तू मला विहारात नेलंस, बुद्धमूर्तीसमोर उभं केलंस आणि म्हणालीस, "टिक्या, आता स्टिअरिंगले हात लावाचा नाही. कबूल?" मी कबूल म्हणालो. विसरलो नाही.

तब्येतीला जप. भाऊजींना थंडीत टपरीवर जास्त वेळ बसू देऊ नकोस.

तुझा घरी बसलेला भाऊ,
टिकाराम


महाराजपूर, जबलपूर
१२ जानेवारी २००३, रविवार

प्रिय बाईस जयभीम.

आम्ही सारे बरे आहोत. म्हणजे शरीरानं बरे आहोत. कुसुम माझ्याशी गुरुवारपासून बोलत नाही, कामापुरतं बोलते. "गोळी," "पाणी," "जेवा," एवढेच शब्द. नंदाला विचारलं तर ती म्हणते, "आपने काम ही ऐसा किया है." या कागदाच्या आधी दोन कागद फाडून झाले. दोन्हीवर मी धुकं किती पडलं याच्या पुढं गेलोच नाही. तेव्हा धुकं सोडून देतो.

मागच्या पत्रात लोक म्हणतात, ट्रकवाले सांगतात, असं जे जे लिहिलं होतं ते सारं मी स्वतः पाहिलेलं आहे. खवासाचे खड्डे, माकडं, कळमन्याचे ढीग, ढाब्यावरचा म्हातारा. मी गाडी चालवतो आहे, बाई. दिवाळी झाली तेव्हापासून.

लगेच पत्र भाऊजींच्या हातात देऊन आत निघून जाऊ नकोस. सारं वाच.

तुझ्याकडून आल्यावर मी खरोखर घरी बसलो होतो. सकाळी अधारतालापर्यंत चालायचं, परत यायचं, खुर्चीवर बसायचं. लोक भेटायला येत. आवाज खाली आणून बोलत, जसा काही मी शेजारच्या खोलीत झोपलेलो आहे. "अब तबियत कैसी है टीकाराम भैया?" मी म्हणायचो, ठीक है. मग ते कुसुमला विचारायचे की खरंच ठीक आहे का. तीस वर्षं मी दहा टनांची गाडी घाटातून उतरवली आणि आता नंदा माझ्या हातातून पाण्याची बादली काढून घ्यायची. रागवावं कोणावर, सारे प्रेमानंच करत होते. पण मला घर आवडेना. जेवण आवडेना. तुझ्यापुढं लपवायचं काय, मला एकेकदा वाटायचं की डॉक्टरनं उगाच एवढी मेहनत घेतली.

कुसुमनं ते माझ्याआधी ओळखलं. एका दुपारी मी खुर्चीत बसलो होतो आणि ती समोर मटकीला मोड आले का ते पाहत होती. ती अचानक म्हणाली, "पाय काहून दाबून राहिले?" मी खाली पाहिलं. डावा पाय पाटावर होता आणि मी पाट दाबत होतो, सोडत होतो, दाबत होतो. क्लच. माझं मलाच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "रात्रीबी करता तुम्ही असंच. मले लाथा बसून राहिल्या महिनाभर." मग म्हणाली, "छाती बरी झाली तुमची. माणूस नाही झाला."

त्यानंतर ऑक्टोबरात तपासणीला नागपूरला गेलो होतो तेव्हा तिनंच डॉक्टरला विचारलं. मी नाही. तू म्हणशील मी तिला पढवलं. तिची शपथ, नाही पढवलं. डॉक्टरनं मला चालत्या पट्ट्यावर चालवलं, छातीला तारा लावल्या, कागद पाहिले. म्हणाला, दिवसा चालवा, हलका माल, वजन उचलायचं नाही, रस्सा ओढायचा नाही, दर दोन तासांनी उतरून चालायचं, आणि तीन महिन्यांनी मला परत तोंड दाखवायचं. लायसनसाठीचा फिटनेसचा दाखलाही रीतसर निघाला. हे मी तुला त्याच दिवशी मनसरला उतरून सांगायला हवं होतं. बस फाट्यावर थांबली होती. मी मान खाली घालून बसून राहिलो.

श्यामसुंदरभैया, ज्यांची गाडी मी इतकी वर्षं चालवतो, त्यांनी मला नागपूरची एकच खेप दिली. गुरुवारी जायचं, शनिवारी यायचं. जाताना बिडीची खोकी आणि येताना संत्री. हसू नकोस. दवाखान्यात ज्या बिडीसाठी माझा उद्धार झाला, तीच आता गाडी भरून वाहतो. पण माल हलका, गाडी वर उचलल्यासारखी चालते.

आता कुसुमच्या मंडळाचं सांगतो. तिनं डॉक्टरला विचारलं खरं, पण घरी आल्यावर माझ्यापुढं अट ठेवली. म्हणाली, "जा. पण मीबी येईन." मी म्हटलं, वेडी झाली का, गाडीवर बायको घेऊन कोणी जातं का, सारं ट्रान्सपोर्टनगर हसेल. ती म्हणाली, "हसू दे. रडण्याची पाळी आली होती तेव्हा ते लोक नव्हते, मी होतो." तू तिला ओळखतेस. एरवी चार माणसांत डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, आणि पहिल्या गुरुवारी लुगडं खोचून, टायरवर पाय ठेवून, दांडा धरून केबिनमध्ये चढून बसली. वर बसल्यावर म्हणाली, "इतकं उंच असते होय." तीस वर्षं मी या गाडीवर पोट भरलं आणि ती एकदाही आत बसली नव्हती, हे मला त्या क्षणी समजलं.

ट्रान्सपोर्टनगरातले हसले. "भाभीजी, कंडक्टरी मिल गई क्या?" एकानं विचारलं. ती म्हणाली, "हाँ भैया, सवारी बहुत बदमाश है, नजर रखनी पड़ती है." तेव्हापासून कोणी हसत नाही, चहा पाठवतात.

पूर्वी माझ्या गाडीवरची ताडपत्री मी दुसऱ्या कोणाला बांधू दिली नाही. आता मला रस्सा ओढायची मनाई. गोदामातले हमाल बांधतात आणि कुसुम गाडीभोवती फिरून एकेक गाठ दाबून पाहते. लग्न होऊन आली तेव्हा ती बिड्या वळायची, दोऱ्याची गाठ सैल की घट्ट हे तिच्या बोटाला कळतं. "ढीली है भैया, फिर से बाँधो," म्हणते आणि तो मुकाट्यानं पुन्हा बांधतो. मी खाली उभा राहून पाहतो. आधी हे पाहणं फार जड जायचं. आता जात नाही.

रस्त्यानं ती बोलत असते. लखनादौन आलं की पाणी, सिवनी आली की गोळी आणि शंभर पावलं चालणं, पावलं ती मोजते. जंगल लागलं की गप्प होते आणि बाहेर पाहते. एकदा सकाळच्या उन्हात हरणांचा कळप रस्ता ओलांडत होता, मी गाडी उभी केली. ते सारे निघून गेल्यावर तिनं विचारलं, "हे तुम्ही रोज पाहत होते? आन् मले सांगे नाही?" मी म्हटलं, सांगायचं काय त्यात, हरणं होती. ती म्हणाली, "म्हणूनच." बाई, मी सुखी आहे. इतका सुखी मी ऑपरेशनच्या आधीही नव्हतो. तेव्हा फक्त पोहोचायची घाई असायची.

इथपर्यंत सारं चांगलं. आता जे लिहायचं ते लिहितो.

इतकी वर्षं आपला रिवाज होता. मनसरचा फाटा आला की मी तीन लहान हॉर्न द्यायचो आणि तू कडुनिंबाखाली डब्याची पिशवी घेऊन यायचीस. मी इंजिन बंदही करत नव्हतो. खिडकीतून भरला डबा घ्यायचा, मागच्या खेपेचा रिकामा डबा द्यायचा, आणि निघायचं. खवासाच्या आत डबा संपलेला असायचा. दिवाळीनंतर मी त्या फाट्यावरून गुरुवारी जातो, शनिवारी येतो, आणि हॉर्न देत नाही. फाटा जवळ आला की हात हॉर्नपासून दूर ठेवतो. आजूबाजूला दुसरा कोणी हॉर्न वाजवत असला तरी मला धडकी भरते की तुला वाटेल मीच आहे. कुसुम पहिल्या दिवसापासून म्हणते, "थांबवा गाडी, मी सांगतो बाईले." मी म्हणतो, पुढच्या खेपेला.

फोनवर तुला नंदा खोटं सांगते. आई बाहेर गई है. ती मला म्हणाली, "पापा, आत्या से मैं कब तक झूठ बोलूँ? मुझे पाप लगेगा, आपको तो लग ही रहा है."

आणि विहारात काय होतं ते ऐक. दर रविवारी पंचशील म्हणताना तीन शीलं मी मोठ्यानं म्हणतो, आणि खोटं न बोलण्याचं चौथं आलं की माझा आवाज बंद होतो. ओठ हलवतो नुसते. पाचव्याला परत सुरू होतो. हे पंचशील तूच शिकवलंस. आई गेल्यावर तू मला चुलीसमोर बसवून म्हणवून घ्यायचीस आणि शब्द चुकला की भाकरी मागं ओढायचीस. दिवाळीनंतरच्या पहिल्याच रविवारी कुसुमनं घरी येताना म्हटलं, "आज तुमची चारच झाली." तेव्हापासून दर रविवारी माझी चारच होतात.

आता गुरुवार. परवाच्या गुरुवारी, दुपारी, धुकं निघून गेलं होतं आणि लख्ख ऊन होतं. फाटा दिसला. कडुनिंबाखाली तू उभी होतीस. मी हॉर्न दिला नव्हता. तुझ्या हातात पिशवी होती. कुसुम म्हणाली, "बाई." एवढंच म्हणाली. मी ब्रेकवर पाय ठेवला, गाडी हळू झाली, आणि माझा पाय ब्रेकवरून उचलला गेला. मी समोर पाहत राहिलो. गाडी तुझ्यासमोरून गेली. आरशात पाहिलं तर तू तिथंच होतीस, पिशवी तशीच हातात.

तुझ्यासमोरून मी तोंड फिरवून गेलो. दवाखान्याच्या खोलीबाहेरच्या बाकावर जी बाई जेवणखाण सोडून बसून राहिली होती, तिच्यासमोरून. मला वाटलं छातीत दुखेल. नाही दुखलं. काहीच झालं नाही, ते अधिक वाईट वाटलं. नागपूर येईपर्यंत कुसुम खिडकीकडं तोंड करून बसली होती. मुक्कामाला पोहोचल्यावर तिनं माझ्यापुढं जेवण ठेवलं, स्वतः जेवली नाही.

कदाचित तू बसची वाट पाहत होतीस. कदाचित रामटेकला जायचं असेल, पिशवीत दुसरंच काही असेल आणि तू गाडी पाहिलीही नसशील. मी तीन दिवस स्वतःला हेच सांगतो आहे. तू पाहिलं असशील तर मला क्षमा कर, आणि पाहिलं नसशील तरी कर, कारण मी तर पाहिलं होतं.

मी तुला कबूल म्हणालो होतो आणि ते मोडलं. गाडी सोडतो असं आता लिहीत नाही, कारण ते आणखी एक खोटं होईल. तू येऊ नकोस म्हणालीस तर मी तो फाटा टाळू शकत नाही, रस्ता एकच आहे. पण तू जे बोलशील ते ऐकेन.

या गुरुवारी गाडी दुरुस्तीला लावली आहे, खेप नाही. पुढच्या गुरुवारी, तेवीस तारखेला, मी फाट्यावर तीन हॉर्न देईन. तू आलीस तर बरं. नाही आलीस तर मी समजेन, आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी परत देईन. तुझा पितळी डबा माझ्याकडंच राहिला आहे, ऑपरेशनच्या आधीच्या खेपेचा. कुसुमनं तो घासून ठेवला आहे. त्यात मटर भरून आणतो, रिकामा आणत नाही.

आज विहारात पुन्हा चारच झाली. हे पत्र पेटीत पडलं की पाचही जमतात का ते पाहीन.

चौथ्या शीलावर अडकलेला तुझा भाऊ,
टिकाराम


मनसर
१८ जानेवारी २००३

टिकारामास जयभीम. कुसुमला दोन वेळा जयभीम, एक तिचा आणि एक तुझ्या वाट्याचा.

तुझं पत्र तुझ्या भाऊजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. शेजारपाजाऱ्यांनीही ऐकलं असेल, त्याला माझा इलाज नाही. अक्षर सुधारलं आहे तुझं. खोटं लिहितोस तेव्हा अक्षर आणखी चांगलं येतं, डिसेंबरचं पत्र काढून पाहिलं.

भाऊजींना ऐकू कमी येतं, पण दिसतं नीट. दिवाळीनंतर पहिल्याच खेपेला ते फाट्यावरच्या टपरीवर चहा घेत बसले होते. घरी येऊन म्हणाले, "तुह्या भावाची गाडी गेली. बाजूले कुसुम होती." मी म्हटलं, तुम्हाला भास होऊन राहिला. शनिवारी मी स्वतः टपरीच्या मागं उभी राहिले. गाडी आली. समोरच्या काचेला टेकवून माझ्या हिरव्या लुगड्याची उशी ठेवलेली. अरे, लपून जायचं तर उशी तरी आत ठेवायची.

मी खूप रडले त्या दिवशी. भाऊजी म्हणाले, पत्र लिही, फोन कर, बोलाव त्याले. मी म्हटलं नाही, तो सांगेल. तुझं पत्र आलं, त्यात माकडं होती. तेव्हा भाऊजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले, पण रागही आला. मी तुला गाडी चालवू नको म्हटलं होतं, टिकाराम. खोटं बोल असं म्हटलं नव्हतं.

गुरुवारी विनताबाईंकडं फोन मी मुद्दाम करत होते. नंदा बिचारी अडखळायची. तिला सांग, आत्याला सारं माहीत होतं, पाप लागणार नाही.

नऊ तारखेच्या गुरुवारी मी बसची वाट पाहत नव्हते. त्याआधीही दर गुरुवारी मी यायचे, पण टपरीच्या मागं उभी राहायचे. त्या दिवशी वाटलं, आता पुढं उभं राहावं, बघू थांबतो का. तू थांबला नाहीस. ते लागलं मला. लागलं नाही असं लिहीत नाही, माझी शीलं पाच आहेत. पण गाडी हळू झाली होती, तेही मी पाहिलं. आणि कुसुमनं खिडकीतून हात बाहेर काढला होता. हे तिनं तुला सांगितलं नसेल.

आता डॉक्टरचं वाचलं. तो दाखला तू मला आणून दाखव, मी वाचेन. मला भीती वाटते, ती जाणार नाही. त्या काचेच्या दारामागं तुला नळ्या लावलेलं मी पाहिलं आहे, तू नाही पाहिलंस. जुलैत तुला मूर्तीसमोर उभं केलं ते त्या भीतीनंच केलं, आणि तूही कबूल म्हणालास ते मला भिऊनच. असं घेतलेलं वचन काय कामाचं. काल संध्याकाळी मी विहारात गेले आणि ते परत घेतलं. तुला मोकळं केलं. आता कोणाला भिऊन गप्प बसायचं नाही, मलाही नाही.

पण माझी एक अट आहे. कुसुमची चालते तर माझीही चालेल. इतकी वर्षं तू इंजिन सुरू ठेवून खिडकीतून डबा घेतलास आणि पुढं निघून गेलास. माझ्या हातचं तू माझ्यासमोर बसून कधी जेवलास, आठवून पाहा. आजारी पडलास तेव्हा. ते आता चालणार नाही. तेवीस तारखेला गाडी कडुनिंबाखाली कडेला लाव, इंजिन बंद कर, आणि दोघं खाली उतरा. वांग्याची भाजी आहे, मीठ कमी आहे, बोलायचं नाही. हॉर्न जरा लांब दे, भाऊजींना ऐकू आला पाहिजे.

डबा दोघांचा असेल. त्या दिवशी पिशवीत होता तोही दोघांचाच होता.

फाट्यावर, झाडाच्या पुढं उभी असलेली,
तुझी बाई